यशोगाथेचा कर्ता कोण?

शेतीच्या प्रचारसाहित्यावर समीक्षा लिहायची असते काय, असे कोणी विचारील. मला वाटते, लिहिलीच पाहिजे. आपले कवितासंग्रह खेड्यापाड्यांत पोचत नाहीत. पण शेती खात्याने आणि बियाणे-औषध कंपन्यांच्या प्रचार विभागांनी काढलेल्या चित्रफिती पारावर बसलेल्यांच्या मोबाईलवर पोचतात. शिवाय आपली मुले कृषी पदवी घेऊन आता याच नोकऱ्या करू लागली आहेत.

या वाङ्मयाचा मुख्य प्रकार म्हणजे यशोगाथा. तिची सुरुवात ठरलेली. शेतकरी बांधावर उभा राहतो, नाव, गाव, तालुका सांगतो आणि म्हणतो, 'मी 5 एकरांवर लागवड केली, 4 फवारण्या केल्या.' शेवटी एकरी उत्पन्नाचा आकडा. मागे ओणवलेल्या बाया दिसतात न दिसतात. मराठीत प्रयोजक क्रियापद आहे. फवारणी केली आणि फवारणी करवली यांत किती अंतर आहे, हे ज्याच्या पाठीवर पंप असतो त्याला विचारा. यशोगाथेला हे क्रियापद माहीत नाही. मजूर तिच्यात एकदाच येतो: खर्चाच्या यादीत, खत आणि डिझेल यांच्या मध्ये.

हा दोष मोबाईलचा नव्हे. मुंबई दूरदर्शनवर 'आमची माती आमची माणसं' लागे, तेव्हाही त्या 'आमची'त कोण कोण बसते हा प्रश्न होताच. 2004 साली किसान कॉल सेंटर आले, 2015 साली डीडी किसान वाहिनी आली. माध्यम बदलले, संबोधन तेच राहिले: शेतकरी बंधूंनो! 2011 च्या जनगणनेत शेतकरी म्हणून सुमारे 11 कोटी 88 लाख नोंदले गेले आणि शेतमजूर म्हणून 14 कोटी 43 लाख. ज्यांची संख्या मोठी त्यांना संबोधनच नाही. त्यांत आपली माणसे किती, हे या वाचकाला सांगायला नको. 2019 साली सुरू झालेल्या किसान सन्मान निधीचे 6000 रुपयेही जमीनधारकांपुरतेच.

केवळ शब्दांचा वाद असता तर मी सोडून दिला असता. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन 20 हून अधिक माणसे मेली, शेकडो रुग्णालयांत पडली. त्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारेही होते. हातमोजे घाला, तोंड झाका, वाऱ्याची दिशा पाहा, असे प्रचारक सांगतात. सूचना खऱ्याच आहेत. पण त्या कोणाला उद्देशून? औषधाच्या डब्यावर विषारीपणाचा त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. डबा मालकाजवळ राहतो. मजुराच्या वाट्याला बहुधा कालवलेले पाणी येते, आणि पाण्यावर त्रिकोण नसतो. मोजे कोणी विकत आणायचे, वारा अंगावर येत असताना रोज न बुडवता काम थांबवता येईल काय, हे प्रश्न त्या सूचनांत शिरतच नाहीत.

माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका कंपनीच्या प्रचार विभागात आहे. त्याची आई अजून रोजाने जाते. एका चित्रणाच्या वेळी, मागच्या बायांना बाजूला करण्याचे काम त्याच्याकडे आले.

"सर, त्यात माझी मावशी होती," तो म्हणाला.

"काय सांगितलंस तिला?"

"म्हटलं, ऊन लागतंय, सावलीला बस."

पुढे त्याने स्वतःच्या फोनवर आईची दोन मिनिटांची फीत केली. समीक्षक म्हणून सांगतो, ती सदोष आहे. वाऱ्याने आवाज फाटतो, आणि नोकरीतल्या सवयीने सुरुवातीला बासरी लावली आहे, ती उगाचच. पण आई सरळ बोलते. मी नाल्यावरून पाणी आणते, औषध कालवते, पंप भरून देते. हाताचा वास जात नाही, भाकरीला येतो. इथे कर्ता आणि क्रियापद एकाच माणसाचे आहेत. मग ती मुलाकडे बघून विचारते, "तुझ्याच कंपनीचं हाय का रे ते औषध?"

फीत तिथे संपते. त्याचे उत्तर त्याने ठेवलेले नाही.