कानाने वाचताना : ‘एनव्हीडीए’ आणि आपली मराठी

अंध व्यक्ती संगणक वापरते हे ऐकून आजही अनेकांना नवल वाटते. ‘पडदाच दिसत नाही, तर मग वाचणार कसे?’ असा प्रश्न शिक्षकांच्या मेळाव्यातही विचारला जातो. उत्तर साधे आहे. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम त्या संगणकात बसवलेला असतो. त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. ‘एनव्हीडीए’ नावाच्या अशाच एका प्रोग्रॅमचे परीक्षण आम्ही येथे करणार आहोत. ते करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतील. प्रोग्रॅम स्वतः कसा आहे, हा पहिला. आपण मराठी माणसे त्याच्यापुढे वाचायला काय ठेवतो, हा दुसरा. आमच्या मते दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे.

आमची स्वतःची दृष्टी अधू आहे. प्रयोगशाळेतील वाचन-लेखन आणि घरी छंद म्हणून चालणारी संगणकाची उठाठेव, ही दोन्ही कामे आम्ही बरीच वर्षे कानाने करत आलो आहोत. तेव्हा पुढील मते रोज वापरणाऱ्याची आहेत, एवढे ध्यानात घ्यावे.

पडदा ‘वाचणे’ म्हणजे काय?

डॉसच्या काळात हे काम तुलनेने सोपे होते. पडद्यावर ८० स्तंभ आणि २५ ओळी, म्हणजे अक्षरांसाठी एकूण २००० जागा असत. प्रत्येक जागेवर कोणते अक्षर आहे त्याचा सांकेतिक अंक संगणकाच्या स्मृतीत ठरलेल्या ठिकाणी ठेवलेला असे. वाचक प्रोग्रॅमने ते अंक उचलायचे आणि आवाज काढणाऱ्या भागाकडे पाठवायचे. १९७८ साली अपघातात दृष्टी गमावलेले अमेरिकन मोटारसायकल शर्यतपटू टेड हेंटर यांच्या कंपनीने १९८९ साली ‘जॉज’ हा प्रसिद्ध स्क्रीन रीडर बाजारात आणला, तो डॉससाठीच.

पुढे विंडोज आले आणि पडदा म्हणजे हजारो ठिपक्यांचे एक चित्र झाले. डोळस माणसाची सोय झाली, पण अंध वापरणाऱ्याच्या हातचा मजकूर त्या चित्रात हरवला. यावर पहिला उपाय निघाला तो मोठा कल्पक होता. विंडोज पडद्यावर अक्षर काढण्याची आज्ञा देई, ती आज्ञा स्क्रीन रीडर वाटेतच टिपून घेई आणि कोठे काय लिहिले गेले याची स्वतःची नोंदवही ठेवी. १९९७ साली मायक्रोसॉफ्टने यासाठी अधिकृत मार्ग खुला केला. आता पडद्यावरची प्रत्येक वस्तू, विचारल्यास, तीन गोष्टी सांगू शकते : तिचे नाव, तिचा प्रकार आणि तिची स्थिती. म्हणून आम्हाला ‘जतन करा, बटण, सध्या बंद’ असे ऐकू येते. मात्र बटण बनवणाऱ्याने त्याला नावच दिले नसेल, तर नुसते ‘बटण’ ऐकू येते. एका अर्जात अशी सहा बटणे ओळीने आली, तर त्यातले ‘पैसे भरा’ कोणते आणि ‘रद्द करा’ कोणते, हे कसे ठरवायचे?

एनव्हीडीएचे गुण

२००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए लिहायला सुरुवात केली. पुढे जेम्स टेह हा दुसरा अंध प्रोग्रॅमर त्याच्याबरोबर आला. विकतचे स्क्रीन रीडर सामान्य शाळेला परवडणारे नव्हते. एनव्हीडीए विनामूल्य आहे. शिवाय त्याची मूळ संहिता कोणालाही पाहता आणि बदलता येते. पायथॉन ही संगणकभाषा जाणणारा बारावीचा विद्यार्थीदेखील त्याला एखादी छोटी पुरवणी लिहून जोडू शकतो. आमच्यासारख्या छांदिष्टांना हे मोठेच आकर्षण आहे. तो पेन ड्राइव्हवरूनही चालतो. म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कोणत्याही विंडोज संगणकावर विद्यार्थी आपला वाचक बरोबर नेऊ शकतो. ‘हा संगणक तुझ्यासाठी नाही’ असे त्याला सांगण्याचे कारण उरत नाही.

एनव्हीडीएबरोबर ‘ईस्पीक एनजी’ नावाचा वाणी-संश्लेषक येतो. तो मुख्यतः ध्वनिमुद्रित आवाजावर अवलंबून नाही. आपण ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’ म्हणतो तेव्हा घशापासून ओठांपर्यंतच्या पोकळीचा आकार बदलतो आणि वेगवेगळ्या वारंवारता अनुनादाने बळावतात. या अनुनादांचे गणित करून ईस्पीक ध्वनी घडवतो. म्हणूनच तो आकाराने लहान आहे, आणि मराठीसह शंभराहून अधिक भाषा बोलतो. त्याचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो, ही तक्रार खरी आहे. नवखा माणूस तो ऐकून कंटाळतो. पण वेग वाढवला तरी त्याची अक्षरे एकमेकांत मिसळत नाहीत. सराव झालेला श्रोता साध्या बोलण्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने ऐकतो. त्या वेगाला गोड आवाजापेक्षा स्पष्ट आवाज अधिक उपयोगी पडतो.

आणि उणिवा

मराठी लिपी उच्चारानुसारी आहे असे आपण अभिमानाने म्हणतो. ते पूर्ण खरे नाही हे यंत्राला वाचायला लावले की कळते. ‘हे जग सुंदर आहे’ आणि ‘तू शंभर वर्षे जग’ या दोन वाक्यांतला ‘ज’ आपण वेगळा उच्चारतो, लिहितो मात्र एकसारखा. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतल्या ‘च’चे तेच. ‘संथ’, ‘संप’, ‘संशय’ आणि ‘सिंह’ यांतला अनुस्वार दर वेळी निराळा. अर्थ न कळणाऱ्या प्रोग्रॅमला अशा जागी नियमांवर आणि अपवादांच्या यादीवर भागवावे लागते, आणि यादी कधीच पुरी होत नाही. कान सरावला की वाचणारा हे दोष मनातच दुरुस्त करून घेतो. पाचवीतल्या मुलाकडून मात्र ती अपेक्षा करता येत नाही.

दुसरी उणीव प्रोग्रॅमची नाही, ऐकण्याचीच आहे. ‘दिन’ आणि ‘दीन’ वेगाने ऐकताना सारखेच वाटतात. परिच्छेद कोठे संपला, शब्द जोडून लिहिला की तोडून, हे कानाला आपोआप कळत नाही. बाणाच्या कळा दाबून एकेक अक्षर तपासता येते, पण तशी सवय मुद्दाम लावावी लागते. केवळ ऐकून शिकलेल्या मुलाचे शुद्धलेखन कच्चे राहते, तो त्याच्या बुद्धीचा दोष नव्हे. यासाठीच ‘आता संगणक आला, ब्रेल कशाला?’ हे म्हणणे आम्हाला मान्य नाही. भारतीय भाषांसाठी १९५१ साली समान ब्रेल ठरले. एनव्हीडीए ब्रेल-पट्टीलाही मजकूर पुरवतो. या पट्टीत विजेच्या दाबाने वाकणारे स्फटिक बारीक टाचण्या वरखाली करतात आणि बोटांखाली ओळ उमटते. ही पट्टी महाग असते. ती घेणे शक्य नसेल तेथे कागदावरचे ब्रेल चालू ठेवलेच पाहिजे.

दिसणारे अक्षर आणि असणारे अक्षर

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. वरच्या सर्व उणिवा एकत्र केल्या तरी त्या एका दोषापुढे किरकोळ ठरतात, आणि तो दोष आपला आहे.

संगणकाला अक्षराचा आकार ठाऊक नसतो, फक्त अंक ठाऊक असतो. युनिकोड या जागतिक संकेतात ‘क’चा अंक २३२५, ‘म’चा २३५० आणि ‘ल’चा २३५४ आहे. ‘कमल’ हा शब्द असा साठवला असेल, तर कोणताही स्क्रीन रीडर तो ‘कमल’ असाच वाचेल. युनिकोडपूर्वीच्या काळात मात्र एक तात्पुरती युक्ती रूढ झाली. अंक इंग्रजी अक्षरांचेच ठेवायचे आणि फॉन्टमध्ये त्यांचे आकार तेवढे देवनागरी काढायचे. रेमिंग्टन टंकलेखन यंत्राच्या कळफलकावर बेतलेल्या ‘कृतिदेव’ फॉन्टमध्ये ‘कमल’ उमटवायला डी, ई आणि वाय या इंग्रजी कळा दाबाव्या लागतात. साठवले जातात तेही या तीन इंग्रजी अक्षरांचे अंक : १००, १०१, १२१. डोळ्यांना ‘कमल’ दिसते. आम्हाला ‘डे’ ऐकू येते. एक शब्द असेल तर हसून सोडून द्यावे. पण सगळे परिपत्रक किंवा सगळी प्रश्नपत्रिका अशी असेल, तर ऐकणाऱ्याच्या दृष्टीने तो कोरा कागद आहे. कोऱ्या कागदाने निदान गोंगाट तरी होत नाही.

येथे आणखी एक गंमत आहे. ‘किती’ लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि ‘क’ नंतर. जुन्या फॉन्टमध्ये ती दिसते त्याच क्रमाने साठवली जाते. युनिकोडमध्ये आधी ‘क’चा अंक २३२५ आणि मग वेलांटीचा २३६७ येतो. म्हणजे क्रम उच्चाराचा आहे. एक पद्धत टंकाची, तर दुसरी भाषेची. अंध विद्यार्थी सोडा, शब्द शोधणे, अकारविल्हे यादी लावणे, शब्दकोश करणे ही कामेही दुसऱ्याच पद्धतीत नीट होतात.

युनिकोड १९९१ साली आले, आणि आजचा प्रत्येक संगणक व फोन ते जाणतो. तरीही आपल्या अनेक शाळा, कार्यालये आणि छापखाने जुन्या फॉन्टना चिकटून आहेत. हाताला सवय झाली आहे, हे त्याचे एक कारण. जुन्या फायली पडून आहेत, हे दुसरे. दोन्ही कारणे आता टिकत नाहीत. युनिकोडमध्येही रेमिंग्टन कळफलक वापरता येतो, आणि जुन्या फायली रूपांतरित करणारे प्रोग्रॅम उपलब्ध आहेत. रूपांतरानंतर जोडाक्षरे एकदा तपासून घ्यावीत, एवढेच.

छायाचित्राचे पान, मुक्या आकृत्या

दुसरी रूढ सवय म्हणजे छापील पान स्कॅन करून पीडीएफ पाठवणे. ते पानाचे छायाचित्र असते. त्यात अक्षर एकही नसते. छायाचित्रातून अक्षरे ओळखणारे ओसीआर प्रोग्रॅम आता मराठीतही बरे काम करतात, परंतु फिकट छपाई, दोन स्तंभ, कोष्टके आणि अपूर्णांक यांत ते अडखळतात. गणिताच्या प्रश्नात ३ चा ८ झाला, तर विद्यार्थ्याने बरोबर सोडवलेले उत्तरही चूक ठरेल.

आकृत्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. संगणकावर चित्र टाकताना त्याच्यासोबत वर्णन लिहिण्याची सोय असते. बहुधा ती जागा रिकामी राहते, किंवा तेथे ‘बहिर्गोल भिंगाची आकृती’ एवढेच लिहिलेले असते. त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी ‘वस्तू भिंगापासून नाभीय अंतराच्या दुपटीहून अधिक दूर आहे. प्रतिमा दुसऱ्या बाजूला, नाभी आणि दुप्पट नाभीय अंतर यांच्या मध्ये पडते. ती उलटी, लहान आणि वास्तव आहे’ असे लिहिले, तर आकृतीतले विज्ञान विद्यार्थ्यापर्यंत पोहोचले. असे वर्णन लिहायला विषय समजलेला असावा लागतो. म्हणून ते काम संगणक-साहाय्यकाचे नाही, शिक्षकाचे आहे.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रोग्रॅम चित्राचे वर्णन करून देतात. आम्ही ते वापरतो, आणि डब्यावरचे लेबल किंवा पत्राचा मायना वाचायला त्यांचा फार उपयोग होतो. पण ते चुकतात तेव्हाही तितक्याच आत्मविश्वासाने बोलतात. डोळस माणूस चित्राकडे पाहून चूक पकडतो. ज्याला चित्र दिसत नाही त्याच्याजवळ ताडून पाहण्याचे साधन नाही. म्हणून आलेखाचे किंवा प्रयोगाच्या आकृतीचे वर्णन यंत्रावर सोपवून मोकळे होणे आम्हाला धोक्याचे वाटते.

कायदा आणि कृती

हा दयेचा विषय नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात माहिती सर्वांना वापरता येईल अशा रूपात देण्याची तरतूद आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर दिव्यांग वाचकांसाठी पुस्तकाचे सुलभ रूपांतर करायला प्रताधिकार कायदाही आड येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंकीय सुविधांपर्यंतची पोहोच हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. पण न्यायालयाचा निकाल ‘डी, ई, वाय’चे ‘कमल’ करू शकत नाही. ते टंकलेखन करणाऱ्यालाच करावे लागेल.

शिक्षकांनी आणि मोठ्या वर्गातील विद्यार्थ्यांनी एक चाचणी जरूर करून पाहावी. शाळेची गेल्या वर्षीची एखादी प्रश्नपत्रिका संगणकावर उघडा. एक परिच्छेद निवडून त्याची नक्कल करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. परिच्छेद निवडताच आला नाही, तर ते छायाचित्र आहे. चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसला, तर फॉन्ट जुना आहे. काना-मात्रा गळाल्या, तर पीडीएफ करतानाच बिघाड झाला आहे. अशा वेळी मूळ वर्ड फाइल द्यावी. मराठी जशीच्या तशी आली, तर एनव्हीडीए सुरू करून, पडदा बंद करून ती प्रश्नपत्रिका एकदा ऐकावी. आकृतीच्या प्रश्नापाशी काय ऐकू येते, तेही पाहावे.

एनव्हीडीएबद्दलचे आमचे मत त्यामुळे असे आहे : आवाज रुक्ष, मराठी उच्चारांत सुधारणेला भरपूर वाव, पण काम चोख आणि विनामूल्य. शाळेतल्या प्रत्येक संगणकावर तो असावा. त्याने वाचायचे काय, हे मात्र आपल्या हाती आहे. आपल्या वर्गात आज एकही अंध विद्यार्थी नसेल. पुढच्या जूनमध्ये एखादा आला, तर त्याच्यासाठी धड्यांच्या आणि प्रश्नपत्रिकांच्या फायली तयार असाव्यात. ते काम या वर्षीच करता येण्याजोगे आहे.