लघुतम नाटकाचा आस्वाद

प्रेक्षक आसनावर नीट स्थिरावण्याच्या आतच जे संपते, त्याला नाटक म्हणावे की नाट्याचा नुसता तुकडा, असा प्रश्न आपल्याकडे अजूनही विचारला जातो. तो विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा एकांकिकेचा साचा असतो. पुण्यात १९६३ साली पुरुषोत्तम करंडकाची स्पर्धा सुरू झाली. तिच्यामुळे आणि तिच्या धर्तीवरील इतर स्पर्धांमुळे महाविद्यालयीन एकांकिकेला मोठे बळ मिळाले, हे कोणी नाकारणार नाही. परंतु छोट्या नाटकाचे सारे मोल त्याच्या अखेरच्या कलाटणीत असते, अशी एक समजूतही त्याच काळात रुजली. वर्गात एकांकिका शिकवताना आपणही ‘शेवट कसा अनपेक्षित आहे’ याकडेच विद्यार्थ्यांचे लक्ष वेधतो. ही कसोटी अतिलघु नाटकाला लावली की ते हातातून निसटते.

सॅम्युएल बेकेट यांचे ‘कम अँड गो’ घ्या. १९६६ साली बर्लिन येथे प्रथम रंगभूमीवर आलेल्या या नाटकात संवादाचे शब्द जेमतेम सव्वाशेच्या आसपास आहेत. तीन स्त्रिया एका बाकावर बसल्या आहेत. त्यांतली एक उठून अंधारात जाते, मागे उरलेल्या दोघींपैकी एक दुसरीच्या कानात काही सांगते, ऐकणारी हादरते, गेलेली परत येऊन बसते. असे तीनदा घडते. प्रत्येकीविषयीचे काही भयंकर इतर दोघींना ठाऊक आहे, तिला स्वतःला मात्र नाही. कानातले ते वाक्य आपल्याला ऐकू येत नाही. आले असते तर नाटक सामान्य झाले असते. तिसऱ्या वेळी काय होणार हे आपण आधीच ओळखतो, आणि नेमके त्या ओळखण्यातच काळजात चर्र होते. येथे अनपेक्षित असे काही नाही.

तथापि लघुत्व हा स्वतःच गुण नव्हे. याच लेखकाच्या १९६९ च्या ‘ब्रेथ’मध्ये नट नाही, शब्द नाही, मंचावर केरकचरा, एक क्षीण रडणे आणि एक श्वास, इतकेच आहे. त्यातली कल्पना एकदा कळली की पुन्हा ते पाहावेसे मला तरी वाटत नाही. कॅरिल चर्चिल यांच्या २०२१ च्या ‘व्हॉट इफ इफ ओन्ली’ या सुमारे वीस मिनिटांच्या नाटकात, प्रिय व्यक्ती गमावून एकाकी बसलेल्या माणसाचा आरंभ विलक्षण हृद्य आहे. पण न घडलेला भविष्यकाळच पात्र होऊन बोलू लागतो, तेव्हा शोकाची जागा थोडीशी युक्तिवादाने घेतली असे वाटते.

ज्या नाटकासाठी हा लेख लिहावासा वाटला, ते हॅरॉल्ड पिंटर यांचे ‘माउंटन लँग्वेज’. लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये १९८८ साली ते प्रथम झाले. चार प्रवेश, आणि सारा खेळ सुमारे वीस मिनिटांचा. त्यापूर्वी, १९८५ साली, पिंटर आर्थर मिलर यांच्यासमवेत तुर्कस्तानात गेले होते. तेथे त्या वेळी कुर्द भाषेवर निर्बंध होते. नाटकाचे बीज त्या प्रवासातले. नाटकात मात्र कोणत्याही देशाचे नाव नाही. तुरुंगाच्या भिंतीबाहेर बायका तासन् तास बर्फात उभ्या आहेत. आत एक वृद्ध माता कैदी मुलाला भेटायला येते. तिच्याजवळ भाकर आणि सफरचंदे आहेत. ती बोलू लागते आणि पहारेकरी तिला काठीने ढोसतो, कारण डोंगराची भाषा निषिद्ध आहे, राजधानीचीच भाषा बोलली पाहिजे. ती तिला येत नाही. मग प्रकाश मंदावतो, दोघेही निश्चल बसतात आणि त्यांचे मनातले बोलणे आपल्याला ऐकू येते. घरचे, साधे, मायेचे बोलणे. अखेरच्या प्रवेशात पहारेकरी सहज आठवल्यासारखे सांगतो की नियम बदलला आहे, पुढील हुकूम होईपर्यंत म्हातारीने आपल्या भाषेत बोलायला हरकत नाही. मुलगा तिला हे सांगतो. ती बोलत नाही. तो थरथरत गुडघ्यांवर कोसळतो, तरीही ती बोलत नाही.

याला कोणी कलाटणी म्हणेल. मला ते मान्य नाही. कलाटणीने मागचा अर्थ उलटतो. येथे तो तसाच पुढे जाऊन पूर्ण होतो, कारण परवानगीने जीभ परत येत नाही. आपल्या दिवाकरांच्या नाट्यछटा येथे आठवतात. त्यांतही एकच जण बोलतो आणि दुसऱ्याचे बोलणे आपण त्याच्या उत्तरांवरून ताडतो. पण नाट्यछटेत न बोलणारा दिसत नाही, आणि पिंटरची म्हातारी समोर बसलेली असते. पुस्तकात हे मौन एका रंगसूचनेएवढे. मंचावर ते सबंध नाटकाएवढे होते. म्हणूनच अशी नाटके केवळ वाचून शिकवणे अपुरे आहे, दोन विद्यार्थ्यांना खुर्च्यांवर बसवून एकदा तरी ती करून पाहावीत.

१९९६ साली लंडनमध्ये कुर्द नट याच नाटकाची तालीम करीत असता खेळातल्या बंदुका खऱ्या समजून पोलिसांनी त्यांना धरले, आणि आपसांत कुर्द भाषेत बोलण्यास मनाई केली.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून बेळगाव परिसरात जे घडत आले, त्यामुळे तेथील मराठी वाचकाला ही आपलीच कथा वाटण्याचा संभव आहे. तो मोह आवरावा. शाळा आणि कचेरीच्या भाषेचा वाद वेगळा, आणि कोठडीत आईला ढोसणारी काठी वेगळी. पण नाटक मराठीत आणू पाहणाऱ्यापुढे याहून अवघड प्रश्न उभा राहतो. मूळ प्रयोगात डोंगराची भाषा म्हणून वेगळी भाषा वापरलेली नाही. मायलेक ठळक ग्रामीण उच्चारांत इंग्रजीच बोलतात. मग मराठीत त्या म्हातारीला कोणती बोली द्यावी? चंदगडची? मालवणी? आणि पहारेकऱ्याच्या तोंडी कोणती मराठी येईल? उघडच, तुमची-आमची, पाठ्यपुस्तकातली. एका उत्तरपत्रिकेत ‘माझी आय’ या शब्दांखाली मी स्वतः तांबडी रेघ ओढली होती. अनुवादाचा पहिला प्रवेश करून पाहताना ती रेघ मला आठवली, आणि दुसरा प्रवेश अद्याप लिहून झालेला नाही.