प्रशिक्षणाचे संकेतस्थळ आणि शिकणाऱ्याचा शब्द : दिंडोरीच्या द्राक्षशेतीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

संकेतस्थळ हे आज कोणत्याही कंपनीच्या प्रशिक्षणकार्याचे प्रवेशद्वार मानले जाते. ते जुने झाले की त्याची पुनर्रचना होते. रंगसंगती व छायाचित्रे बदलतात आणि गूगलसारख्या शोधयंत्रावर ते वरच्या क्रमांकावर यावे म्हणून स्वतंत्र खर्च केला जातो. आशय विषयतज्ज्ञाने लिहावा व शोधदृश्यता तंत्रज्ञाने साधावी, अशी कामाची विभागणी यात गृहीत असते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा दिंडोरी तालुक्यातील द्राक्षशेतीच्या आधारे केली आहे.

कंपनी कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीमुळे शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी स्थापन करण्याचा मार्ग खुला झाला. तालुक्यातील मोहाडी येथे कार्यरत असलेली सह्याद्री फार्म्स हे त्याचे ठळक उदाहरण होय. निर्यातक्षम माल पिकवायचा तर प्रशिक्षण हे उत्पादनाचेच अंग ठरते. म्हणून अशा क्षेत्रात संकेतस्थळाच्या भाषेचा प्रश्न केवळ प्रसिद्धीचा राहत नाही.

एका द्रव्याची दोन नावे

२०१० साली युरोपात पोहोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश प्रतिकिलो ०.०५ मिलिग्रॅम या तेथील मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि निर्यातदार व बागाईतदार दोघांनाही मोठा फटका बसला. निर्यातीपूर्व तपासणीच्या यादीत तेव्हा हा घटक नव्हता. हे संकट केवळ भाषेमुळे ओढवले असे म्हणता येणार नाही. तथापि त्यातून एक भाषिक वस्तुस्थिती स्पष्ट होते. प्रयोगशाळेच्या अहवालात जे द्रव्य क्लोरमेक्वाट क्लोराइड असते, तेच बागेत लिहोसीन या व्यापारी नावाने ओळखले जाते. खरड छाटणीनंतर वेलीची शाकीय वाढ रोखण्यासाठी ते वापरले जाई. पहिल्याच नावाने लिहिलेले इशाऱ्याचे पान दुसऱ्या नावाने शोधणाऱ्यापर्यंत पोहोचेलच याची खात्री कोण देणार? त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने न सापडलेला इशारा आणि न दिलेला इशारा यांत काही अंतर उरत नाही.

रोगांच्या नावांचेही असेच आहे. ग्रंथांतील केवडा हा रोग बागेत डाऊनी किंवा डावणी होतो. 'केवडा' एवढाच शब्द शोधला तर सुगंधी फुलाची माहितीही समोर येते. भुरीचे नाव मात्र ग्रंथात व बांधावर एकच आहे. म्हणजे अंतर सर्वत्र सारखे नाही. ते शब्दागणिक तपासावे लागते.

लिपी आणि व्याकरण

मराठी आशयाच्या अदृश्यतेचे एक कारण लिपीच्या संगणकीय इतिहासात आहे. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. तरीही पुढे दीर्घकाळ मराठी मजकूर विशिष्ट फाँटवर अवलंबून असलेल्या पद्धतींनी टंकलिखित होत राहिला. असा मजकूर पडद्यावर मराठी दिसे, पण यंत्राच्या लेखी ती निरर्थक अक्षरांची रांग असे. त्या काळातील पुस्तिका जशाच्या तशा संकेतस्थळावर ठेवल्या, तर उत्तम आशयही शोधाबाहेर राहू शकतो. पुनर्रचनेत प्रथम रूपांतर या मजकुराचे व्हावयास हवे. मुखपृष्ठाचा क्रम त्यानंतरचा.

दुसरे कारण व्याकरणाचे आहे. मराठीत विभक्तिप्रत्यय लागताना शब्दाचे सामान्यरूप होते : घड, घडाला, घडांची, छाटणी, छाटणीनंतर, छाटण्यांमधील. इंग्रजीसाठी घडलेले 'ठरावीक शब्द वारंवार योजा' हे सूत्र येथे लागू केले की 'द्राक्ष छाटणी प्रशिक्षण दिंडोरी' अशी प्रत्ययहीन, निर्जीव वाक्ये जन्माला येतात. वस्तुतः पानाच्या संकेतलेखनात दडवलेली कळशब्दांची यादी क्रमवारीसाठी विचारात घेतली जात नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले होते. तरीही यंत्राला उद्देशून लिहिण्याची सवय सुटलेली नाही. अधिकृत परिभाषेतील पान तज्ज्ञांसाठी असते, कळशब्दांनी भरलेले पान यंत्रासाठी. शिकणारा दोहोंतही अनुपस्थित असतो.

पुनर्रचनेची दिशा

यावर आक्षेप असा की, बोलीतील व व्यापारी नावे स्वीकारल्यास शास्त्रीय काटेकोरपणा ढळेल. आक्षेप रास्त आहे. परंतु येथे एक नाव काढून दुसरे बसवणे अभिप्रेत नाही. दोन्ही नावे एकाच वाक्यात आणून त्यांचा संबंध उलगडणे, हाच प्रशिक्षणाचा पहिला पाठ होय. बाटलीवरील घटकाचे नाव वाचता आले, की व्यापारी नाव बदलले तरी शेतकरी फसत नाही.

त्यासाठी पानांची शीर्षके विभागांच्या नावांवरून न ठरवता, प्रशिक्षणवर्गात विचारल्या गेलेल्या प्रश्नांवरून ठरवावीत. 'रोग व्यवस्थापन' या शीर्षकापेक्षा 'गोडी छाटणीनंतर पाऊस झाला तर डावणीसाठी काय पाहावे' हे शीर्षक शोधयंत्रालाही अधिक कळते. प्रत्येक पानावर लेखनाची व शेवटच्या तपासणीची तारीख असावी. अवशेषांच्या मर्यादा व शिफारशी बदलत असतात. त्यामुळे क्रमवारीत वर असलेले परंतु कालबाह्य झालेले पान हे न सापडणाऱ्या पानापेक्षाही घातक ठरते. असे पान मागे घेणे हेही पुनर्रचनेचेच काम आहे.

समारोप

सारांश, शोधदृश्यता हा आशयावर नंतर चढवावयाचा मुलामा नव्हे. ती आशयाची कसोटी आहे. शिकणाऱ्याच्या तोंडचा शब्द पानावर नसेल, तर ते पान त्याच्यासाठी लिहिलेलेच नाही. बांधावरील शब्द व परिभाषा यांचा जोडकोश तयार करणे हे एकट्या तंत्रज्ञाचे वा कृषितज्ज्ञाचे काम नाही. मराठी, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व संगणकशास्त्र हे विभाग एकाच आवारात असणाऱ्या ग्रामीण महाविद्यालयांना ते सहज हाती घेता येईल. द्राक्षपट्ट्यातील विद्यार्थी वर्गात येताना निम्मा कोश घरूनच घेऊन येतो. उरलेला निम्मा महाविद्यालयाने पुरवावयाचा आहे.