व्हेरोनातील अपराधाची वाटणी

नाशिकच्या दोन नाटककारांनी मराठीत रुजविलेला शेक्सपिअर हा प्रामुख्याने थोर परंतु प्रमादशील नायकाचा शेक्सपिअर आहे. वि. वा. शिरवाडकरांची ‘राजमुकुट’ (१९५४) व ‘ऑथेल्लो’ ही रूपांतरे, ‘नटसम्राट’मागील (१९७०) लिअरची छाया आणि वसंत कानेटकरांच्या ‘गगनभेदी’त एकवटलेले शोकनायक यांमुळे शोकात्मिकेचे उत्तरदायित्व नायकाच्या स्वभावातच शोधण्याची सवय मराठी वाचकाला जडली. ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ या नाटकापाशी मात्र ही कसोटी अपुरी पडते.

रोमिओ उतावळा आहे. टिबॉल्ट आणि पॅरिस त्याच्याच हातून मरतात. पण पुरती चौदा वर्षांचीही नसलेल्या ज्युलिएटच्या मृत्यूचा उलगडा या उतावीळपणाने होत नाही. नियतीला दोष द्यावा, तर नाटकाच्या प्रास्ताविकात ग्रहताऱ्यांचा निर्देश आहे, हे खरे. तथापि फ्रायरचा निरोप अडतो तो प्लेगच्या संशयावरून घराचे दार बंद करणाऱ्या नगररक्षकांमुळे. हा योगायोग प्राणघातक ठरतो, कारण विवाह गुप्त ठेवणे भाग पडलेले असते. आणि कॅप्युलेटने लग्न एक दिवस अलीकडे आणून निरोपाला लागणारा अवधीही हिरावून घेतलेला असतो.

आधारभूत काव्याशी तुलना येथे उद्बोधक ठरते. आर्थर ब्रूकच्या १५६२ मधील कथाकाव्याची प्रस्तावना प्रेमिकांच्या स्वैर वर्तनालाच दोषी धरते. काव्याच्या अखेरीस दाई हद्दपार होते आणि विष विकणारा फासावर जातो. म्हणजे कठोर शिक्षा दुर्बळांच्या वाट्याला येते. शेक्सपिअर महिन्यांचा कालपट चार-पाच दिवसांवर आणतो आणि हा निवाडाही काढून टाकतो. त्याचा राजा काहींना क्षमा, काहींना शिक्षा असे म्हणतो, पण नाव कोणाचेच घेत नाही. त्याआधी, वैराकडे डोळेझाक केल्यामुळे आपणही दोन आप्त गमावले, अशी कबुली तो देतो. न्यायासनच आरोपींच्या रांगेत येऊन उभे राहते.

सर्वच दोषी म्हटल्यास कोणीच दोषी उरत नाही, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु संहितेतच दोषाचे एक माप आहे : निर्णायक क्षणी ज्युलिएटला एकटे कोण सोडते? पिता घराबाहेर काढण्याची धमकी देतो, माता बोलणेच नाकारते, दाई पॅरिसशी लग्न करण्याचा सल्ला देते. सद्हेतूने दोन कुळे जोडू पाहणारा फ्रायरही चाहूल लागताच तिला थडग्यात सोडून निघून जातो. हे सारे सारखेच अपराधी नाहीत. पण प्रत्येकाने आपले संरक्षण काढून घेतल्यावरच खंजीर तिच्या हाती येतो.

अखेरीस दोन्ही पिते परस्परांच्या अपत्यांचे सोन्याचे पुतळे उभारण्याचे वचन देतात. त्यांच्या शोकाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही त्या उदारतेत वरचढ ठरण्याची जुनी ईर्ष्या डोकावतेच. ज्या नगराने दोघांना जिवंतपणी जागा दिली नाही, ते आता त्यांची स्मारके उभारणार आहे. एका नायकाच्या स्वभावदोषावर स्थिरावलेल्या मराठी शोकात्मिका-विचाराला हे नाटक समूहाच्या अपराधाचा विचार करावयास लावते, आणि त्याचे महत्त्व तेथेच आहे.