हुतात्मा, बळी आणि अंगणातली माती

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा जिल्ह्यातील लेथपोरा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यातील बसवर स्फोटकांनी भरलेली मोटार आदळवण्यात आली आणि ४० जवान मृत्युमुखी पडले. त्यांत बुलडाणा जिल्ह्यातले दोघे होते : मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांगऱ्याचे नितीन राठोड. शासकीय इतमामात त्यांना निरोप दिला गेला. अशा मृत्यूनंतर आपल्याकडे फलक लागतात, भाषणे होतात, कविता वाचल्या जातात. त्यामागची भावना खरी असते, याविषयी शंका नाही. प्रश्न आहे तो त्या स्मरणाच्या भाषेचा.

दहशतवादात मेलेल्या माणसासाठी मराठीत मुख्यतः दोन शब्द वापरले जातात. गणवेशातला असेल तर 'हुतात्मा' आणि गणवेशाबाहेरचा असेल तर 'बळी'. दोन्ही शब्द यज्ञविधीतून आले आहेत. 'हुत' म्हणजे अग्नीत अर्पण केलेले, तर 'बळी' म्हणजे देवतेला दिलेला भाग. हुतात्मा स्वतःला अर्पण करतो, बळी दुसऱ्याकडून दिला जातो. पहिल्याचे नाव चौकाला मिळते. दुसऱ्याची संख्या सांगितली जाते. १२ मार्च १९९३ : २५७ बळी. १३ फेब्रुवारी २०१०, पुण्याची जर्मन बेकरी : १७ बळी. कामावरून परतणाऱ्या किंवा मित्रासोबत कॉफी पिणाऱ्या माणसाने कुणासाठी काही अर्पण केलेले नसते, आणि त्याचा घास मागणारी कोणतीही देवता तेथे नसते. तिथे असतो खुनी. 'बळी गेला' या क्रियापदात नेमका तोच अदृश्य होतो.

जवानांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. अज्ञानदासाच्या अफझलखानवधाच्या पोवाड्यापासून मराठी वीरकाव्याची रचना द्वंद्वावर उभी आहे : शत्रू समोर येतो, वीर त्याला भिडतो. पुलवाम्यात असे काही घडलेच नाही. जवान बसमध्ये बसले होते. त्यांना शस्त्र उचलायलाही अवधी मिळाला नाही. तरीही श्रद्धांजलीपर कविता त्यांना 'झुंजता झुंजता' मरण देते. कारण पोवाड्याच्या साच्यात नुसत्या बसलेल्या माणसाला जागाच नाही. त्यामुळे त्यांच्या मृत्यूतला अन्याय झाकला जातो आणि ताफ्याच्या सुरक्षेविषयीचे प्रश्नही अप्रस्तुत ठरतात. वीरमरण म्हटले की चौकशी कशाची करायची?

विनीता कामटे यांचे 'टू द लास्ट बुलेट' (२००९, सहलेखन विनीता देशमुख) या दृष्टीने महत्त्वाचे वाटते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयालगतच्या गल्लीत अशोक कामटे, हेमंत करकरे आणि विजय साळसकर मारले गेले. कामटे यांच्या पत्नीने माहिती अधिकारातून पोलीस नियंत्रण कक्षाच्या संभाषणांच्या नोंदी मिळवल्या आणि त्या रात्रीचा क्रम मिनिटामिनिटाने लावला. पुस्तकात पतीचा गौरव आहेच. पण तो गौरव प्रश्न विचारायचे थांबत नाही, आणि यातच त्याचे वाङ्मयीन बळ आहे. मर्यादाही इथेच जाणवते : असे पुस्तक अधिकाऱ्याविषयी लिहिले जाते. त्याच रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गाडीची वाट पाहताना मेलेल्या प्रवाशाच्या घरी कागद मागणारे आणि लिहिणारे कोण असणार?

त्याच्यासाठी साचा आपल्याकडे आहे, आणि तो पोवाड्याहून जुना असावा. जात्यावरची ओवी. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्यांत भाऊ, लेक, मैत्रीण, माहेरची वाट यांचा उल्लेख पराक्रमामुळे होत नाही. नात्यामुळे होतो. पुलवाम्यानंतर उमेश जाधव या संगीतकाराने सुमारे ६१,००० किलोमीटर प्रवास करून चाळीसही जवानांच्या घरची, दहन-दफनस्थळांची माती गोळा केली. २०२० च्या स्मृतिदिनी तो कलश लेथपोऱ्याच्या स्मारकाला दिला गेला. मलकापूर आणि चोरपांगऱ्याची माती अशी काश्मीरला पोचली. ही कृती ओवीच्या जातीची आहे. ती माणसाला त्याच्या अंगणासकट आठवते.

न्यूयॉर्कच्या ९/११ स्मारकाने हेच वेगळ्या रीतीने केले. तिथली २,९८३ नावे वर्णानुक्रमे नाहीत. नातलगांच्या विनंतीनुसार सहकारी सहकाऱ्याशेजारी, मित्र मित्राशेजारी कोरला आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१७ मध्ये २१ ऑगस्ट हा दहशतवादपीडितांच्या स्मरणाचा दिवस ठरवला. त्याच संस्थेत भारताने १९९६ मध्ये मांडलेला दहशतवादविरोधी सर्वंकष कराराचा मसुदा मात्र व्याख्येच्या वादात अजून अडकला आहे. दहशतवादी कोण यावर जगाचे एकमत होत नाही. पीडित कोण यावर व्हायला हरकत नसावी.

२०२५ मध्ये या भेदाची कसोटी लागली. ११ जुलै २००६ च्या मुंबईतील सात लोकल स्फोटांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी बाराही जणांना निर्दोष ठरवले, आणि दहा दिवसांनी २००८ च्या मालेगाव खटल्यात विशेष न्यायालयाने सातही आरोपींना. निकालांची चर्चा झाली, शासन लोकलच्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. मृतांचे घरचे मात्र आपल्या माणसाचे काय करायचे हे ठरवू शकले नाहीत. ज्या स्मरणाचा आधार केवळ आरोपीचे नाव असतो, ते स्मरण आरोपी सुटला की निराधार होते.

म्हणून आपल्या जिल्ह्यापुरते एक काम सुचवावेसे वाटते. या दोन जवानांना ओळखणारी माणसे गावात आहेत. वर्गमित्र, शेजारी, सुट्टीत त्यांच्याबरोबर शेतात गेलेले सोबती. त्यांना काय आठवते ते त्यांच्याच बोलीत लिहून ठेवावे, आणि त्यात 'झुंजता झुंजता' हे शब्द आपल्याकडून घालू नयेत.