सिंहासनाखालची माणसे

आमच्या काळाचौकीत सत्तापालटाची चर्चा निघाली की कोणीतरी 'सिंहासन'चे नाव काढतोच. २३ नोव्हेंबर २०१९ला सकाळीच उरकलेल्या शपथविधीनंतर ते निघाले. जून २०२२मध्ये शिवसेना फुटून एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले तेव्हा पुन्हा निघाले. पडद्यावरच्या मुख्यमंत्र्याचे आडनावही शिंदेच. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन. १९७९चा हा चित्रपट आजही शिळा होत नाही. हे यश मी नाकारीत नाही. पण खुर्चीवरच्या माणसांशी साम्य एवढीच राजकीय उपहासाची कसोटी मानायची काय?

चित्रपटात कामगार आहे, पण तो पुढारी डिकास्टाच्या मागची गर्दी म्हणून. गिरणगावाला ठाऊक आहे की ही गर्दी एकजिनसी कधीच नव्हती. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्याला विणखात्याचे दार बंद होते. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. 'सिंहासन'च्या गर्दीला ही जात नाही.

१८ जुलै १९७८ रोजी वसंतदादांचे सरकार पाडून शरद पवार मुख्यमंत्री झाले. मराठी प्रेक्षक 'सिंहासन' पाहताना हीच उलथापालथ आठवतो. नवव्या दिवशी, २७ जुलैला, त्याच विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलितांची घरे जळाली. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. ठराव बासनात गेला. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ला. साधूंच्या कादंबऱ्या त्याआधीच्या, तेव्हा हा प्रसंग चित्रपटात का नाही, असा माझा आक्षेप नाही. आक्षेप नजरेवर आहे. दिगू टिपणीस शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो. निळूभाऊंचे ते हसू अंगावर येते. पण ते सत्तेच्या दालनात ये-जा असलेल्या पत्रकाराचे हसू आहे. ज्याचे घर जळते त्याला हसून मोकळे होता येत नाही.

म्हणून मला चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) पुढचा टप्पा वाटतो. त्यात मंत्री नाही, बंड नाही. शाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, हा आरोप न्यायालय गंभीरपणे ऐकत बसते. मृताची बायको साधेपणाने सांगते की गटारातून झुरळ बाहेर आले तर आत प्राणवायू आहे असे तो समजे. एवढ्यानेच राज्ययंत्रणा उघडी पडते. शाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार स्वतः आंबेडकरी चळवळीतले, हेही येथे महत्त्वाचे.

'कोर्ट'च्या शेवटी कोणी हसत नाही. न्यायाधीश सुटीवर जाऊन डुलकी काढतो, आणि झोपमोड करणाऱ्या मुलांपैकी एकाच्या मुस्काटात मारतो. खुर्चीवर कोण बसला हे 'सिंहासन'ने दाखविले. तिचा पाय कोणाच्या छातीवर टेकला आहे, हे दाखविणाऱ्या उपहासाची आम्हाला गरज आहे.