एकच गाणे, तीन पाठ

पाठभेद हा शब्द आपण पोथ्यांसाठी राखून ठेवला आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तेव्हापासून अनेक प्रतींतली खरी कोणती मानायची, हा प्रश्न मराठी अभ्यासकाच्या पाठीशी लागलेला आहे. यंत्राने छापलेल्या ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत असा प्रश्न उरत नाही, असा आपला समज असतो. तो तपासण्यासाठी मी मुद्दाम एक 'हलके' मानले जाणारे उदाहरण घेतो. ते म्हणजे न्यूयॉर्कच्या 'ब्लाँडी' या वाद्यवृंदाचे 'हार्ट ऑफ ग्लास' हे इंग्रजी गाणे. ज्ञानेश्वरीशी त्याची बरोबरी करण्याचा हेतू अर्थातच नाही. पद्धत तेवढी उसनी घेतो.

गायिका डेबी हॅरी आणि गिटारवादक क्रिस स्टाइन यांनी या गाण्याचा पहिला खर्डा १९७५ च्या सुमारास केला, तोही वेगळ्या नावाने आणि संथ चालीत. पुढे निर्माता माइक चॅपमन याच्या देखरेखीखाली त्याचे नवे मुद्रण झाले आणि सप्टेंबर १९७८ मध्ये 'पॅरलल लाइन्स' या संग्रहात ते आले. विषय जुनाच: प्रेम होते, ते काचेसारखे निघाले. पण गाणारी रडत नाही. आवाज थंड, जवळजवळ अलिप्त. दुःख सांगण्याची ही तऱ्हाच गाण्याचा प्राण आहे.

आता पाठ पाहू. संग्रहाच्या पहिल्या छपाईत गाणे तीन मिनिटे चोपन्न सेकंदांचे आहे. अमेरिकेत निघालेल्या सात इंची छोट्या तबकडीवर ते तीन मिनिटे बावीस सेकंदांत आटोपते. बारा इंची तबकडीवरचा विस्तारित पाठ पाच मिनिटे पन्नास सेकंदांचा. खरी गंमत पुढेच आहे. छोटी तबकडी १९७९ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेली आणि त्याच वर्षी संग्रहाच्या नव्या छपाईत जुना पाठ काढून हा लांब पाठ बसवण्यात आला. वेष्टन तेच, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे. आतली संहिता मात्र निराळी. दोन घरांत एकच रेकॉर्ड आहे असे मानणारे दोघे वस्तुतः दोन पाठ ऐकत होते!

हे भेद कुणाच्या लहरीने पडलेले नाहीत. त्यांच्या मुळाशी तबकडीचे गणित आहे. मिनिटाला सव्वातेहतीस नव्हे, नेमके सांगायचे तर तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणारी बारा इंची लाँग प्ले तबकडी कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये आणली. पंचेचाळीस फेऱ्यांची सात इंची आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये. लाँग प्लेच्या एका बाजूस वीसेक मिनिटे मावतात, पण त्यासाठी खाचा एकमेकींना खेटून कापाव्या लागतात. खर्जाचा मोठा आवाज खाचेला रुंद वळणे घ्यायला लावतो आणि रुंद वळणांना जागा लागते. म्हणून वेळ वाढवला की आवाज दबतो, आवाज चढवला की वेळ घटतो. सात इंची तबकडीला मुळात जागाच कमी, आणि रेडिओलाही तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे सोयीचे.

यातून वाट निघाली ती योगायोगाने. न्यूयॉर्कचा टॉम मोल्टन नृत्यगृहांसाठी गाणी लांबवून देत असे. १९७० च्या दशकाच्या मध्यावर एकदा कापणाऱ्या तंत्रज्ञाकडे सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या, म्हणून एकच गाणे मोठ्या तबकडीवर ऐसपैस खाचांनी कापले गेले, आणि आवाजातला फरक ऐकून सगळेच चकित झाले. १९७६ मध्ये सालसोल कंपनीने वॉल्टर गिबन्सने लांबवलेले 'टेन पर्सेंट' बारा इंची तबकडीवर रीतसर विक्रीस काढले. तेव्हापासून विस्तारित पाठ ही स्वतंत्र जात झाली.

आपल्याला हे परके वाटू नये. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. रंगभूमीवर 'वन्स मोअर' घेत फुलणारे बालगंधर्वांचे नाट्यपद त्या बाजूवर आवळून बसवावे लागे. त्या मुद्रिकेला आपण अपुरी म्हणत नाही. तिची घट्ट वीण वेगळी, हे आपल्या कानांनी केव्हाच ओळखले आहे.

आता निवाडा. सात इंची पाठात शब्द आणि मुखडा पुढे येतात. सगळे चटपटीत, पण वाद्यांच्या जागा आखडल्यामुळे गायिकेच्या अलिप्तपणाला पार्श्वभूमी राहत नाही. तो नुसता ढंग वाटतो. संग्रहातला पहिला पाठ समतोल आहे, मात्र त्याचा शेवट घाईने विरतो. लांब पाठाचा आरंभच वेगळा काही सांगतो. यंत्रतालाची टिकटिक आधी स्थिर होते, तिच्यात क्लेम बर्कचे जिवंत ड्रम मिसळतात, आणि माणूस कुठला अन् यंत्र कुठले हे कळेनासे होते. आणखी एक जागा पाहण्यासारखी आहे. गाणे चारांच्या तालात चालते. परंतु मधल्या वाद्यखंडात एक मात्रा गाळलेली आहे. आपल्या भाषेत, सम एक मात्रा आधीच येऊन उभी राहते. नाचणाऱ्याचा पाय क्षणभर अधांतरी राहतो. घड्याळासारख्या सुरळीत चालीला गेलेला तो बारीक तडा म्हणजेच गाण्याचा आशय. छोट्या पाठात तो चूक वाटून निसटतो. लांब पाठात आवर्तने स्थिरावल्यावर तो खरोखर जाणवतो. म्हणून माझ्या मते लांब पाठच सर्वात अर्थपूर्ण आहे, जरी बैठकीच्या खोलीत त्याची अखेर थोडी रेंगाळते हे कबूल करावे लागेल.

या पाठावर त्या काळी जो आक्षेप घेतला गेला, तो सौंदर्याचा नव्हता. तो शुद्धतेचा होता. ब्लाँडी वाढली ती सीबीजीबी या न्यूयॉर्कच्या पंक गायनगृहात. तिने डिस्कोचा ठेका घेतला म्हणजे ती बाटली, असे निष्ठावंतांना वाटले. १२ जुलै १९७९ रोजी तर शिकागोच्या मैदानात डिस्कोच्या रेकॉर्डांची पेटी स्फोटाने उडवण्यात आली. न ऐकता नाकारण्याचा याहून ढळढळीत नमुना मिळणार नाही.

आपण सीमाभागातल्या माणसांनी तरी या आक्षेपाला सहज मान डोलावू नये. आपल्या बोलीत कानडी शब्द आले, वाक्याला वेगळा हेल आला, की पुण्याकडच्या नातलगांना तो बिघाड वाटतो. वास्तविक ज्या अंगणात, ज्या बाजारात ती भाषा बोलायची, त्या जागेने तिला दिलेला तो पाठ असतो. वर्गात मुलाला प्रमाण मराठी शिकवणे हे माझे काम आहे आणि ते मी नेटाने करतो. पण त्याच्या आजीची मराठी अशुद्ध आहे, असे त्याला शिकवणे हे माझे काम नव्हे.

आज मोबाईलवर गाणे क्षणात मिळते. कोणता पाठ मिळाला हे मात्र बहुधा कुणी पाहत नाही. घरातल्या मुलांना हे गाणे, किंवा त्यांच्या आवडीचे कुठलेही, ऐकवताना मिनिटे आणि सेकंद तेवढे पाहावेत, दोन पाठ लागोपाठ लावावेत आणि काय गळले, काय आले, हे त्यांनाच विचारावे. मूळ कोणते, या प्रश्नाचे उत्तर मिळेलच असे नाही. पण कोणता पाठ कुठल्या जागेसाठी घडला आणि तिथे तो शोभला का, हे सांगता आले, तर समीक्षेचा पहिला धडा झाला असे मी मानीन.